जुना नऊ पिनी रिमोट लॅपटॉपला बसतो, पण चालत नाही: काय तपासायचं?

तक्रार दरवेळी त्याच शब्दांत येते. "पिन बसली, लॅपटॉप टुंग करून वाजला, ड्रायव्हरसुद्धा आला, पण गेममध्ये काही म्हणजे काही हलत नाही." दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका खाली उतरतो. आतला टीव्ही गेमचा डबा केव्हाच गेलेला असतो, रिमोट मात्र फडक्याने पुसला की नव्यासारखा दिसतो. मग घरातल्या कुणाला तरी वाटतं की हा लॅपटॉपला जोडावा आणि एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या टीव्ही गेमचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवर, मारिओ खेळावा. कंट्रोलर, गेमपॅड हे शब्द आपल्याकडे नंतर आले. नव्वदच्या दशकात तो रिमोटच होता आणि कार्ट्रिज म्हणजे कॅसेट. इथेही तसंच म्हणतो.

गेल्या दिवाळीत हा उद्योग माझ्या भाच्याने काढला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मला न विचारता तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आला. दुकानात रिमोटचं टोक दाखवलं आणि म्हणाला, हे यूएसबीला लावायचंय. दुकानदाराने पिना मोजल्या, नऊ भरल्या, 'नाइन पिन टू यूएसबी'चं पाकीट काढून दिलं.

"मामा, बसतंय बघ मस्त. पण गेम कंट्रोलरच्या यादीत येतच नाहीये."

"मग कुठल्या यादीत येतंय?"

"पोर्ट्समध्ये. कॉम थ्री म्हणून."

निदान तिथेच झालं. त्याने आणलं होतं ते सीरियल पोर्टचं ॲडॉप्टर, म्हणजे जुने मोडेम, वजनकाटे, कारखान्यातली मशिनं जोडायचं. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याच्याकडे नऊ पिना मागितल्या, त्याने नऊ पिना दिल्या.

हीच चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पहिलं वाक्य ठरलेलं आहे: टोकाचा आकार बघून ॲडॉप्टर घेऊ नका. ते टोक म्हणजे नुसता पत्र्याचा साचा. त्या साच्यातून कुठली भाषा बोलली जाते ते वेगळंच असतं, आणि ॲडॉप्टर दुभाषाचं काम करतो. दुभाषा चुकीचा निवडला तर दोन्ही बाजू शाबूत असूनही संभाषण होत नाही.

नऊ पिनांचंच बघा. १९७७ च्या अटारी २६०० ची जॉयस्टिक याच साच्यात येते. तिच्यात चिप नाही. चार दिशा आणि एक फायर, प्रत्येकाची एक तार. बटण दाबलं की ती तार ग्राउंडला टेकते, इतकं साधं. सेगा मेगा ड्राइव्हचा रिमोटही याच साच्यात, पण त्याच्यात ७४एचसी१५७ ही निवड करणारी चिप आहे. पाचव्या पिनेवर ५ व्होल्ट द्यावे लागतात आणि सातव्या पिनेवर 'आता हा गट सांग, आता तो गट सांग' असं विचारावं लागतं. आपल्याकडचे बहुतेक टीव्ही गेम हे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या रिमोटला पुष्कळदा हाच नऊ पिनी साचा, पण आत तिसरीच भाषा. आणि चौथा म्हणजे कॉम्प्युटरचा सीरियल पोर्ट, ज्याचा खेळांशी काही संबंध नाही.

यातला सीरियल पोर्ट नुसता निरुपयोगी नाही, तर धोक्याचा आहे. कॉम्प्युटरच्या बाजूला त्याच्या पिना बाहेर आलेल्या असतात, टीव्ही गेमच्या बाजूलाही तसंच, म्हणून रिमोट त्यात विनातक्रार शिरतो. पण आरएस-२३२ च्या, म्हणजे सीरियल पोर्टच्या भाषेच्या, तारांवर शून्य ते पाच व्होल्टचा कारभार नसतो. तिथे अधिक आणि उणे दोन्ही बाजूंना व्होल्टेज जातं, आणि तिसऱ्या पिनेवरची पाठवणी तार काहीही पाठवत नसतानासुद्धा उणे व्होल्टेजवर बसलेली असते. रिमोटमधल्या चिपला उणे व्होल्टेज सोसत नाही. भाच्याचा रिमोट वाचला. सगळ्यांचा वाचेलच असं नाही, म्हणून 'लावून तर बघू' हा प्रयोग इथे करू नका.

पंधरा पिनांची गोष्टही तशीच. जुन्या साउंड कार्डावर मागे जो दोन रांगांचा रुंद पोर्ट असायचा तो गेमपोर्ट. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीसाठी काढला. फॅमिकॉमच्या पुढच्या बाजूलाही हुबेहूब तोच दोन रांगांचा पंधरा पिनी साचा आहे आणि काही नकलांचे रिमोट त्याच टोकाचे येतात. गेमपोर्टच्या पहिल्या पिनेवर ५ व्होल्ट असतात. असली फॅमिकॉमची पहिली पिन ग्राउंड आहे. आता यांना एकमेकांत खुपसलं तर काय होईल याचा अंदाज करा. मॉनिटरच्या व्हीजीएलाही पंधराच पिना, पण तीन रांगांत आणि आकाराने लहान, त्यामुळे तिथे निदान बसतच नाही.

म्हणून खरेदीच्या आधी रिमोट उघडा. मागे चार-पाच स्क्रू असतात. उघडताना रबराची बटणं उडून सोफ्याखाली जातात, तेव्हा ताटात उघडा. आत काय दिसतं त्यावरून भाषा कळते. नुसत्या तारा आणि पत्र्याच्या चकत्या किंवा बटणं, चिप नाही: अटारीची जात. सोळा पायांची चिप आणि तिच्यावर कुठेतरी ४०२१ हा आकडा: निन्टेन्डोची जात. चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा आणि केबलमध्ये पाच तारा: निन्टेन्डोची नक्कल, आपल्याकडचा नेहमीचा पाहुणा. केबलमध्ये नऊ तारा आणि ७४एचसी१५७: सेगा. काडीच्या मुळाशी गोल फिरणारे पोटेन्शियोमीटर (फिरवले की रोध बदलणारे): गेमपोर्टची ॲनालॉग जॉयस्टिक.

सेगा, अटारी, सुपर निन्टेन्डो, प्लेस्टेशन यांच्यासाठी तयार यूएसबी ॲडॉप्टर ऑनलाइन मिळतात. घेताना कन्सोलचं, म्हणजे मूळ टीव्ही गेमच्या डब्याचं, नाव बघून घ्या, पिनांचा आकडा बघून नाही. खरा घोळ आपल्या देशी टीव्ही गेमच्या रिमोटचा, कारण त्यावर कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव नसतं आणि पिनांची मांडणी प्रत्येक बनावटीत तीच असेल याची खात्री नाही. तिथे ॲडॉप्टर स्वतः करणं सोपं पडतं. एका रविवारचं काम आहे.

त्यासाठी आधी रिमोट बोलतो कसा ते कळायला हवं, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावरच उभी आहे. पाच तारा असतात: वीज, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. कन्सोल लॅचच्या तारेवर सुमारे १२ मायक्रोसेकंदांचा ठोका देतो. त्या क्षणी आठही बटणांचा फोटो निघतो असं समजा. मग डेटाच्या तारेवर पहिलं उत्तर आपोआप तयार असतं: ए बटण. त्यानंतर क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला पुढचं बटण समोर येतं, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमाने. तार शून्यावर म्हणजे बटण दाबलेलं, वर म्हणजे सोडलेलं. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

सामान फारसं नाही. एटीमेगा३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड, तोही ५ व्होल्टचा. हाच आपला दुभाषा: यात प्रोग्रॅम चढवायचा, मग तो रिमोटला विचारतो आणि लॅपटॉपला गेमपॅड म्हणून उत्तर देतो. नऊ पिनी मेल (पिना बाहेर आलेला) कनेक्टर, म्हणजे रिमोटचं टोक कापावं लागणार नाही. (कापू नका. चाळीस वर्षांचा माणूस रडतो.) थोडी तार, सोल्डर, मल्टिमीटर. घरात आर्डुइनो युनो पडलेला असतो म्हणून लोक तोच वापरायला जातात. जुन्या युनोत यूएसबीचं काम वेगळी चिप बघते, त्यामुळे तो लॅपटॉपला गेमपॅड म्हणून दिसत नाही, सीरियल पोर्ट म्हणून दिसतो. म्हणजे परत कॉम थ्री. रास्पबेरी पाय पिको हा दुसरा छोटा बोर्ड चालतो, पण तो ३.३ व्होल्टचा आहे, तेव्हा रिमोटलाही ३.३ च द्या. ४०२१ ही चिप ३ व्होल्टपासून पुढे काम करते, त्यामुळे तिची अडचण नाही. काळ्या गोळ्याच्या नकला करतील की नाही ते लावूनच कळतं. माझ्या एका रिमोटने केलं, म्हणून सगळे करतील असं मी म्हणणार नाही.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे वीज आणि काळी म्हणजे ग्राउंड ही सभ्यता या कारखान्यांनी पाळलेली नाही. मल्टिमीटर बीपवर टाकून बोर्डापासून टोकापर्यंत एकेक तार शोधा. ४०२१ असेल तर काम अगदी सोपं: चिपचा पाय १६ वीज, ८ ग्राउंड, ९ लॅच, १० क्लॉक आणि ३ डेटा. काळा गोळा असेल तर बहुतेकदा सगळ्या बटणांना मिळून जी एक सामाईक पट्टी जाते ती ग्राउंड निघते. तिथून सुरुवात करा. भाच्याच्या रिमोटात टोकाची मांडणी २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ वीज, ८ ग्राउंड अशी निघाली. तुमच्यात तीच असेल असं धरून चालू नका.

डेटाच्या तारेला पुल-अप, म्हणजे तार मोकळी असताना तिला वर धरून ठेवणारा रोध, लावायला विसरू नका. बोर्डाच्या आतलाच चालतो, प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम आहे. तो नसेल आणि डेटाची तार कुठे सुटली, तर ती हवेत तरंगते आणि बटणं आपोआप दाबली जायला लागतात. भूत नाही, पुल-अप नाही.

आता लक्षणं. या रिमोटची भाषा इतकी सरळ आहे की कुठली तार बिघडली ते लक्षणावरून जवळजवळ ओळखता येतं, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

आठही बटणं कायम दाबलेली दिसतात: रिमोटला वीज पोहोचत नाही. विजेविना चिप डेटाची तार खाली ओढून बसते आणि शून्य म्हणजे 'दाबलेलं'. विजेची तार बघा.

एकही बटण कधीच दाबलेलं दिसत नाही: डेटाची तार तुटली, पुल-अपने रेषा वर धरली आहे.

ए दाबलं की सगळी आठ बटणं दाबली जातात आणि बाकीची सात मेलेली: क्लॉक पोहोचत नाही. तुम्ही आठ वेळा विचारताय, तो आठही वेळा पहिलंच उत्तर देतोय.

बटणांचं चित्र गोठलंय, काहीही दाबा फरक नाही, किंवा केबल हलवली की वेड्यासारखं काहीतरी येतं: लॅच. फोटोच निघत नाहीये.

आणि हा आमचा स्वतःचा: भाच्याने प्रोग्रॅम लिहिला, चाचणीत बटणं पेटत होती, त्यामुळे पोरगं खूश. गेम लावला तर वरची दिशा दाबली की गेम पॉज व्हायचा. बी दाबलं की उडी, ए दाबलं की काहीच नाही. त्याने पुन्हा सगळं सोल्डर केलं. तासभर गेला. तारा मुळात ठीकच होत्या. त्याने आधी क्लॉकचा ठोका देऊन मग वाचायला सुरुवात केली होती, त्यामुळे पहिलं उत्तर, म्हणजे ए, न वाचताच निघून जायचं आणि सगळी बटणं एकेक घर पुढे सरकायची. बी च्या जागी सिलेक्ट, स्टार्टच्या जागी वर. आधी वाचा, मग ठोका द्या. दोन ओळींची अदलाबदल.

"हे तू मला आधी सांगू शकला असतास, मामा."

"तू तपकीर गल्लीत जायच्या आधी विचारलं असतंस तर बरंच काही सांगितलं असतं."

दहा मिनिटं उत्तम चालतो आणि मग एखादी दिशा जाते, असं असेल तर बहुधा केबल. रिमोटमधून बाहेर पडते त्या पहिल्या दोन इंचांत ती आतून तुटते, कारण लहानपणी आपण गाडी वळवताना सगळा रिमोटच वळवायचो. खेळताना तो भाग वाकवून बघा. लक्षण बदललं तर तेवढा तुकडा काढून तारा परत जोडा.

एखादंच बटण जोर लावल्यावर चालत असेल तर रबराखालचा काळा कार्बन. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर काढलेल्या वर्षांचा हिशोब तिथे दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून हलक्या हाताने पुसा, बोर्डावरच्या पट्ट्याही पुसा, वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका. तो कार्बनचा थर पातळ असतो, एकदा गेला की गेला.

इथवर सगळं जमलं तर आता लॅपटॉपची बाजू. विंडोजच्या शोधपट्टीत 'सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स' शोधा, आपलं यंत्र निवडून प्रॉपर्टीज उघडा आणि बटणं दाबा. गेममध्ये जाऊन तपासू नका. गेम हा फार वाईट मल्टिमीटर आहे. या खिडकीत बटणं पेटत असतील तर तारा, बोर्ड, प्रोग्रॅम सगळं निर्दोष. उरलेली भानगड सेटिंगची. एम्युलेटरला कुठलंही साधं यूएसबी गेमपॅड चालतं, त्यात बटणं नेमून द्या की झालं. पण बरेच नवे गेम फक्त एक्सबॉक्स ३६० बरोबर २००५ मध्ये आलेली एक्सइनपुट ही पद्धत ओळखतात. त्यांना तुमचा रिमोट दिसतच नाही. तिथे स्टीम या गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या ॲपमधलं कंट्रोलरचं सेटिंग मधे घाला, ते तुमच्या रिमोटला एक्सबॉक्सचं सोंग देतं.

खिडकीत यंत्रच दिसत नसेल तर आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच, फक्त वीज जाते. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून संशय येत नाही. काही नव्या लॅपटॉपांना फक्त यूएसबी-सी पोर्ट असतो, तिथे आणखी एक खोडा. काही स्वस्त बोर्डांवर सी पोर्टसाठी लागणारे दोन ५.१ किलोओहमचे रोध बसवलेले नसतात. असा बोर्ड सी-टू-सी केबलने जिवंतच होत नाही. साधा हब लावून ए-टू-सी केबल वापरली की लगेच उठतो. बोर्ड मेला म्हणून फेकण्याआधी एवढं करून बघा.

मधेच काही वेळ खेळ थांबवला आणि परत आल्यावर रिमोट गायब, ही तक्रार वीज वाचवण्याच्या सेटिंगची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन 'वीज वाचवायला बंद कर'ची खूण काढा.

गेमपोर्टच्या जॉयस्टिकवाल्यांसाठी थोडं. तिच्यात अंकी काहीच नाही. काडी हलली की रोध बदलतो, त्यातून एक कपॅसिटर भरायला लागणारा वेळ बदलतो, आणि कॉम्प्युटर तो वेळ मोजून काडी कुठे आहे ते ठरवत असे. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने गेमपोर्टचा आधार काढून टाकला, त्यामुळे जुनं साउंड कार्ड शोधून नव्या मशिनमध्ये बसवण्यात अर्थ नाही. चिप असलेलं गेमपोर्ट-यूएसबी ॲडॉप्टर घ्या. नुसता साचा बदलणारं, आत चिप नसलेलं टोक कुणी देत असेल तर ते फक्त मुळातच दोन्ही भाषा येणाऱ्या जॉयस्टिकसाठी असतं. मायक्रोसॉफ्टच्या काही साइडवाइंडर जॉयस्टिक तशा होत्या. आणि ज्या साइडवाइंडर गेमपोर्टमधून स्वतःची अंकी भाषा बोलायच्या, त्या साध्या चार अक्षांच्या ॲडॉप्टरवर हमखास मुक्या होतात. काडी सोडली तरी पडद्यावर थरथरत असेल तर पोटेन्शियोमीटरवर धूळ आहे. काँटॅक्ट क्लीनर मारून काडी पाचपन्नास वेळा गरागरा फिरवा, मग परत कॅलिब्रेट करा.

निन्टेन्डो ६४ आणि गेमक्यूबवाल्यांना एकच सूचना: त्यांचं लॉजिक ३.३ व्होल्टचं आहे. वरच्या ५ व्होल्टच्या बोर्डाला सरळ जोडू नका.

शेवटची कटकट दोन रिमोटची. एक यशस्वी झाला की दुसरा लागतोच. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरलात तर कधी कधी सापडतोही. दोन एकसारखे बोर्ड लावले की लॅपटॉपला दोन जुळे दिसतात, आणि पुन्हा चालू केल्यावर पहिला खेळाडू दुसरा होतो. घरात यावरून झालेली भांडणं तुम्हाला माहीत आहेतच. दरवेळी त्याच पोर्टात तोच बोर्ड लावणं हा अर्धा इलाज. पक्का इलाज असा, की प्रोग्रॅम चढवताना प्रत्येक बोर्डाचं यूएसबीवर दिसणारं नाव आणि अनुक्रमांक वेगळा द्यायचा. एम्युलेटरमध्ये मग दोघं वेगळे दिसतात आणि कोण कुठला ते नेमता येतं. आमच्याकडे एकाचं नाव 'मामा' आहे, दुसऱ्याचं 'भाचा'. पहिला खेळाडू कोण, हे मात्र ज्याने प्रोग्रॅम चढवला त्याने ठरवलंय.